चोविसावी ओळ

मे महिन्याची एकतीस तारीख.
सदरच्या ऑफिसात कूलरमधलं पाणी संपलेलं,
मोटर नुसतीच घुमतेय
आणि माझ्यापुढे तक्ता: नाव, वय, जागा, पगार.
चोवीस ओळी. पंचविसावी छापलेलीच नाही.

नियम तसा साधा आहे.
क्लबच्या मिळकतीतल्या शंभर रुपयांपैकी
पंचावन्न खेळाडूंना. छप्पन्नावा गेला
की पुढच्या हंगामात सुरुवातीलाच तीन गुण वजा.
मी नियमाच्या बाजूचा माणूस.
दोन क्लब बुडताना त्यांचे हिशेब लिहिलेत मी,
कामठीच्या पोरांचे चार महिन्यांचे पगार
माझ्याच अक्षरात 'देणे' म्हणून पडून आहेत.
अजूनही त्यांतलं कोणी गांधीबागेत दिसलं
तर हातातली भाजी तशीच ठेवून मी गल्ली बदलतो.

म्हणून घानाच्या क्वाबेनाला अठरा लाख मान्य झाले
तेव्हा खाकरलो तो मीच.
मालक म्हणाले, गोल पाहिजेत ना, निनावे?
गोल पाहिजेत. मी आकडा लिहिला.
आणि खालचे सगळे सरकून बसले,
सीटवर जाडा माणूस आला की बसतात तसे,
कोणाकडे न बघता.

रात्री पावणेदहाला दोन नावं उरली, ओळ एक.
विल्फ्रेड लाझरस, मोहननगर, बचाव, चौतीस, पाच लाख वीस.
शाहबाज कमाल, कामठी, उजवी बगल, एकोणीस, चार ऐंशी.
कोच विल्फ्रेडच्या डाव्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले,
गुडघा जणू तिसराच कोणी इसम,
क्लबचा जुना देणेकरी.

विल्फ्रेड बाहेर जिन्यावर बसून ऐकत होता.
आत आला. माझ्या थर्मासमधला चहा
स्वतःच ओतून घेतला.
"निनावे भाऊ, बॉलात हवा भरनाऱ्याचा पगार
कोन्त्या रकान्यात येते?"
इतर कर्मचारी, म्हटलं. मर्यादेबाहेर.
"मंग मले तिथं टाका ना.
पोट्ट्याले घ्या. त्याचा उजवा पाय पाह्यला का तुमी?"

मी नियमावली उघडली. कलम नऊ, पोटकलम तीन.
बसत होतं.
बारा वर्षांचा कप्तान
एका रकान्यातून उचलून शेजारच्यात ठेवायला
चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.
महिना चौदा हजार. त्याने सही केली,
पोरांच्या शर्टांवर करायचा तीच,
शेवटी बॉलसारखा एक गोल काढून.
मी कागद पाठवून दिला.

अकरा चाळीसला शाहबाजच्या मामाचा फोन.
गोव्याच्या क्लबनं सात दिले, साहेब,
पोरगा संध्याकाळीच गाडीत बसला,
सांगायचं राहून गेलं.
सात, ते पुन्हा म्हणाले. सात लाख.
आकडा त्यांच्याही तोंडात नवा होता.
मला राग आणता येईना.

वीस मिनिटं होती.
विल्फ्रेडचं नाव परत घालायला गेलो
तर तक्ता लाल झाला.
कर्मचारी म्हणून नोंदवलेला माणूस
त्या हंगामात खेळाडू होत नाही.
कलम नऊ, पोटकलम चार.
मी तीनपाशीच थांबलो होतो.

चोविसावी ओळ मोकळी गेली.
पाच लाख पासष्ट हजार शिल्लक.
ती पुढच्या वर्षात नेता येत नाही.

आज सकाळी साडेपाचला मानकापूरच्या मैदानावर
विल्फ्रेड चाळीस बॉल घेऊन बसलेला.
कोराडीच्या चिमण्यांमागून उजाडत होतं.
एकेक बॉल अंगठ्यानं दाबून बघायचा, कानाशी न्यायचा,
मग जाळीत टाकायचा.
मी पोटकलम चार सांगायला गेलो होतो.
एक बॉल त्यानं बराच वेळ कानाशी धरला.
"हा हवा सोडून रायला," म्हणाला,
आणि मी तोंड उघडायच्या आत,
"असू द्या. सरावाले चालते."